मार्कडाउन : साध्या खुणांनी मजकुराची मांडणी

संगणकावर लिहिलेल्या मजकुरात मथळा कोणता, परिच्छेद कोठे संपतो, कोणत्या शब्दावर भर द्यावयाचा आणि यादी कोठून सुरू होते, हे यंत्राला कळावे म्हणून मजकुरातच काही खुणा घालाव्या लागतात. अशा पद्धतीला इंग्रजीत ‘मार्कअप’ म्हणतात. या लेखापुरते आपण तिला खूणभाषा म्हणू. खूणभाषा अनेक आहेत. त्यांपैकी ज्या हाताने सहज लिहिता येतात आणि यंत्राच्या मदतीवाचूनही वाचता येतात, त्यांना हलक्या खूणभाषा म्हणतात. ‘मार्कडाउन’ ही त्यांतील सर्वाधिक प्रचारात असलेली होय. बातम्या, अहवाल, सभांची इतिवृत्ते आणि लेख लिहून पाठविणाऱ्या आमच्या वाचकांसाठी तिची ओळख येथे करून देत आहोत. ती शिकण्यास एक दुपार पुरते. मराठीत ती वापरताना येणाऱ्या अडचणींविषयी मात्र इंग्रजी पुस्तकांत सहसा काही सापडत नाही, म्हणून त्यांना आम्ही अधिक जागा दिली आहे.

खुणांची परंपरा

कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. हस्तलिखित पोथ्यांत समाप्तीच्या ओळी आणि दंड तांबड्या रंगाने काढीत, चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. मिस्साग्रंथात आजही प्रार्थना काळ्या अक्षरांत आणि कृतीच्या सूचना तांबड्या अक्षरांत छापतात. काळे उच्चारावयाचे, तांबडे आचरावयाचे. तांबडी अक्षरे मोठ्याने वाचणारे धर्मगुरू अद्याप तरी आमच्या पाहण्यात नाहीत. पुढे छापखान्यांत संपादक हस्तलिखिताच्या समासात ‘ठळक’, ‘मोठा टाइप’, ‘नवा परिच्छेद’ अशा सूचना लिहून कागद खिळे जुळविणाऱ्याकडे देऊ लागले. ‘मार्कअप’ हा शब्द मुळात या समासातल्या कामाचा.

संगणकाच्या जगात या सूचनांना शिस्त लावण्याचे मोठे काम १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी सुरू केले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या खूणभाषेस ‘जीएमएल’ हे नाव मिळाले. तिच्यातून विकसित झालेली ‘एसजीएमएल’ ही भाषा १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली आणि तिच्याच वळणावर टिम बर्नर्स-ली यांनी संकेतस्थळांसाठी ‘एचटीएमएल’ रचली. त्यांचा मुख्य विचार असा की, ‘ही ओळ मोठ्या, ठळक अक्षरांत छापा’ असे न सांगता ‘ही ओळ मथळा आहे’ एवढेच सांगावे. मथळा कसा दिसावा हे नंतर, दुसऱ्या ठिकाणी ठरवावे.

हा भेद वरवर किरकोळ वाटतो. परंतु दृष्टिहीन वाचक संगणकाकडून मजकूर वाचवून घेतो तेव्हा तो मथळ्यामागून मथळा ऐकत हव्या त्या बातमीकडे जातो. मथळा म्हणून खूण केलेली ओळच त्याच्या यंत्राला सापडते. केवळ अक्षर मोठे आणि ठळक केलेली ओळ डोळस वाचकाला मथळा वाटते; त्याला मात्र ती इतर ओळींसारखीच ऐकू येते. अशी पंधरा बातम्यांची वार्तापत्रे त्याला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकावी लागतात.

एचटीएमएलमध्ये हे सारे साधते, पण प्रत्येक मथळ्याच्या व परिच्छेदाच्या पुढेमागे टोकदार कंसांतल्या खुणा लिहाव्या लागतात आणि त्या दाटीत मूळ वाक्य हरवते. त्याच काळात ई-मेल लिहिणाऱ्यांनी स्वतःपुरती एक वाट काढली होती. साध्या मजकुरात ठळक अक्षर नसल्यामुळे ते भर द्यावयाच्या शब्दाभोवती तारका घालीत, यादीतील प्रत्येक बाबीपुढे आडवी रेघ ओढीत, दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करताना ओळीच्या आरंभी > हे चिन्ह ठेवीत. अमेरिकेतील लेखक जॉन ग्रुबर यांनी २००४ साली या रूढ सवयी एकत्र करून त्यांना नियमांत बसविले, आणि तो मजकूर एचटीएमएलमध्ये बदलणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. भाषेच्या रचनेत त्यांना ॲरन स्वार्ट्‌झ या तरुणाने साहाय्य केले. त्याने २००२ मध्ये अशीच एक खूणभाषा तयार केली होती, आणि हॅशच्या खुणेने मथळा दाखविण्याची रीत तिच्यातून आली. ज्ञान सर्वांस खुले असावे यासाठी झटणारा हा बुद्धिमान तरुण जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी निवर्तला. ‘मार्कअप’मधील ‘अप’च्या जागी ‘डाउन’ घालून केलेले ‘मार्कडाउन’ हे नाव थोडे विनोदी आहे.

मराठी लेखकांना हलक्या खूणभाषेचा परिचय बहुधा दुसऱ्या दाराने झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे लिहिणाऱ्यांना ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन अवतरणचिन्हे आणि मथळ्याच्या दोन्ही बाजूंस बरोबरीची चिन्हे घालावी लागत. ती मार्कडाउनची नव्हे, विकीची स्वतंत्र खूणभाषा. पण जात एकच.

शिकण्याचा क्रम

खुणा थोड्या आहेत आणि त्यांतील निम्म्या पहिल्याच दिवशी उपयोगी पडतात. मथळ्यासाठी ओळीच्या आरंभी हॅश लिहून एक जागा सोडावी :

# वार्षिक सर्वसाधारण सभा
## जमाखर्चाचा अहवाल

एक हॅश म्हणजे मुख्य मथळा, दोन म्हणजे उपमथळा. अशा सहा पायऱ्या उपलब्ध आहेत. बातमीला दोन पुरतात आणि तीनपेक्षा अधिक लागू लागल्या तर लेखाची मांडणी पुन्हा तपासावी. हॅशनंतरची मोकळी जागा विसरू नये, कारण अनेक प्रणालींत ती नसल्यास मथळा होत नाही.

परिच्छेद संपल्यावर एक ओळ पूर्ण मोकळी सोडावी. केवळ एकदा एंटर दाबून खाली आल्याने नवा परिच्छेद होत नाही. यंत्र त्या दोन ओळी जोडून टाकते. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या मंडळींना हा नियम सर्वांत अधिक जाचतो.

ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन तारका घालाव्यात : सूचना. एकेक तारका घातल्यास शब्द तिरपा होतो : *सूचना*. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये अशाच खुणा आणल्या, पण तेथे एका तारकेनेच शब्द ठळक होतो. त्यामुळे व्हॉट्सॲपवर हात बसलेल्यांचे शब्द मार्कडाउनमध्ये तिरपे पडतात. मराठीत तिरपे अक्षर वापरूच नये, असे आमचे मत आहे. बहुतेक देवनागरी फाँटांत तिरप्या अक्षरांचा स्वतंत्र संच नसतो. संगणक सरळ अक्षरालाच ढकलून कलते करतो, आणि काने व वेलांट्या पडत्या कुंपणासारख्या दिसू लागतात. ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्ह ही मराठी मुद्रणाची जुनी रीत पुरेशी आहे, भर देण्यासाठी ठळक अक्षर आहेच.

यादीतील प्रत्येक बाब आडवी रेघ आणि एक मोकळी जागा यांनी सुरू करावी. उद्धृत परिच्छेदाच्या आरंभी > हे चिन्ह ठेवावे. दुवा देताना वाचकाला दिसावयाचे शब्द चौकोनी कंसात आणि त्याला लागून, मध्ये जागा न सोडता, पत्ता गोल कंसात लिहावा : [सभेचे इतिवृत्त](पत्ता). छायाचित्रासाठी हीच रचना, फक्त पुढे उद्गारचिन्ह. तेव्हा चौकोनी कंसात छायाचित्राचे वर्णन लिहावे. ‘फोटो’ एवढाच शब्द तेथे लिहिणे म्हणजे वर उल्लेखिलेल्या दृष्टिहीन वाचकाची बोळवण करणे होय.

एवढे आले की काम चालू करता येते. कोष्टके आणि तळटीपा ग्रुबर यांच्या मूळ भाषेत नव्हत्या, त्या नंतरच्या विस्तारांत आल्या. त्यांच्या नादी आरंभी लागू नये.

मराठीतील अडचणी

पहिली अडचण कळफलकाची. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी चालू असताना हॅशच्या कळीवर ‘्र’ उमटतो, तारकेच्या कळीवर ‘श्र’, मोठेपणाच्या चिन्हाच्या कळीवर दंड आणि चौकोनी कंसाच्या कळीवर ‘ड’. म्हणजे प्रत्येक खुणेसाठी इंग्रजीत जाऊन परत यावे लागते. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबल्यास भाषा बदलते. हा हातवळा प्रथम बसवावा. तारका मात्र उजवीकडील अंकपट्टीवरून कोणत्याही भाषेत उमटते. याहून सोयीचा मार्ग असा की, संपूर्ण मजकूर आधी मराठीत लिहून काढावा आणि मग इंग्रजी कळफलक चालू करून एका फेरीत सर्व खुणा भराव्यात. त्यात एक वेगळा लाभही आहे. लिहिताना लिहिण्याकडेच लक्ष राहते, आणि खुणा भरताना आपलाच लेख आपण दुसऱ्यांदा वाचतो.

दुसरी अडचण आपल्या प्रत्ययांची. इंग्रजीत ठळक शब्दानंतर सहसा मोकळी जागा किंवा विरामचिन्ह येते. मराठीत ‘चा’, ‘ला’, ‘ने’ शब्दाला चिकटतात. मार्कडाउनमध्ये भर देण्यासाठी तारकेऐवजी तळरेघही चालते, परंतु आज सर्वमान्य झालेल्या नियमांप्रमाणे शब्दाच्या मध्ये आलेली तळरेघ खूण मानली जात नाही. म्हणून _शारदा_चा असे लिहिल्यास रेघा जशाच्या तशा छापल्या जातात. *शारदा*चा हे मात्र बरोबर उमटते. मराठीत तळरेघ वापरूच नये, तारकाच वापराव्यात, हा नियम करून टाकावा.

तारकांचाही एक फसवा प्रकार आहे. नाटकाचे नाव अवतरणचिन्हांसह ठळक करावे म्हणून कोणी असे लिहितो :

‘संगीत शारदा’चा प्रयोग

येथे शेवटच्या तारकांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर आले आहे. अशा ठिकाणी यंत्र त्यांना खूण बंद करणाऱ्या तारका मानीत नाही, आणि छापून येतात त्या चारही तारका. उपाय सोपा आहे. तारका अवतरणचिन्हांच्या आत घ्याव्यात :

‘संगीत शारदा’चा प्रयोग

तिसरी अडचण अंकांची. क्रमवार यादीसाठी अंक, टिंब आणि मोकळी जागा असा नियम आहे, पण तो अंक इंग्रजी असावा लागतो. देवनागरी १, २, ३ हे यंत्राच्या लेखी केवळ अक्षरे होत. सभेचे आठ ठराव देवनागरी क्रमांकांनी, एकाखाली एक लिहून पाठविले तर ते एका सलग परिच्छेदात गोळा होऊन छापले जातात. यादी इंग्रजी अंकांनी लिहावी आणि ते अंक वाचकाला देवनागरीत दिसावेत अशी सोय संकेतस्थळाच्या शैलीपत्रकात एकदाच करावी; तशी तरतूद तेथे उपलब्ध आहे. छपाईसाठी हवे असल्यास देवनागरी अंकच ठेवावेत, मात्र प्रत्येक ठरावानंतर एक ओळ मोकळी सोडावी. या गैरसोयीची दुसरी बाजू गमतीची आहे. इंग्रजीत एखादी ओळ सालाने सुरू झाली आणि सालापुढे टिंब आले, तर यंत्र त्यालाच यादीचा क्रमांक समजते. आपले ‘१९८६.’ त्या घोटाळ्यातून सुटते.

उरलेल्या अडचणी सवयींतून येतात. नव्या परिच्छेदाची पहिली ओळ चार जागा आत घेण्याची रीत आपल्याकडे शाळेपासून आहे. मार्कडाउनमध्ये चार जागा आत सुरू झालेला परिच्छेद संगणकाची आज्ञावली समजला जाऊन वेगळ्या चौकटीत, न मोडणाऱ्या लांबलचक ओळीत दिसू लागतो. परिच्छेद समासापासूनच सुरू करावा. बातमी संपली हे दाखविण्यासाठी तिच्या लगेच खाली रेघांची ओळ ओढली, तर वरची ओळ, किंवा काही प्रणालींत वरचा अख्खा परिच्छेद, मथळा होऊन बसतो. मध्ये एक ओळ मोकळी सोडावी म्हणजे रेघ रेघच राहते. लेखाच्या शेवटी ‘- वार्ताहर’ अशी सही केल्यास ती एका बाबीची यादी ठरते आणि वार्ताहरासमोर टिंब येते. तेथे रेघेच्या आधी उलटी तिरकी रेघ घालावी : \- वार्ताहर. कोणत्याही खुणेचा अर्थ काढून घेऊन तिला साधे चिन्ह करण्याची ही सर्वसाधारण युक्ती आहे.

कवितेचा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे. ओव्या, अभंग, गीते यांच्या ओळी जोडल्या गेल्या तर रचनेचा घात होतो. ओळ तेथेच तोडावयाची असल्यास तिच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्यात, असा मूळ नियम आहे. पण या जागा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना त्या बऱ्याचदा गळून पडतात. अलीकडच्या नियमांत ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ घालण्याची मुभा आहे. ती दिसावयास कुरूप असली तरी कवितेसाठी आम्ही तीच सुचवितो. कवींना हे रुचणार नाही, पण मुद्रितशोधकाला ती दिसते.

बोली अनेक

ग्रुबर यांनी डिसेंबर २००४ नंतर आपल्या मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती काढली नाही. नियमही त्यांनी मोघम ठेवले होते. परिणामी प्रत्येक प्रणालीने आपली वेगळी बोली केली, आणि एकच मजकूर दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसू लागला. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके नियम लिहून काढले. प्रथम त्यांना ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ हे नाव देण्यात आले. ग्रुबर यांनी नावास हरकत घेतल्यावर ते ‘कॉमनमार्क’ झाले. वर दिलेले प्रत्ययांचे नियम त्यातलेच. मॅकफार्लेन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनीच २००६ मध्ये ‘पॅनडॉक’ ही आज्ञावली केली. ती मार्कडाउनमधील एकाच फाइलवरून संकेतस्थळाचे पान, वर्डची फाइल आणि ई-पुस्तक तयार करते. गुगल डॉक्समध्येही २०२४ पासून मार्कडाउन फाइल आत घेण्याची व बाहेर काढण्याची सोय आहे.

अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या काही लेखांत तारका आणि हॅश विखुरलेले दिसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची संवादयंत्रे आपली उत्तरे मार्कडाउनमध्ये लिहितात आणि ती उचलून वर्डमध्ये ठेवली की खुणा उघड्या पडतात. लेखकाने त्या खुणा काय आहेत हे जाणले, तर निदान पाठविण्यापूर्वी लेख वाचून पाहण्याची आठवण तरी होईल.

मार्कडाउनला सर्व काही येत नाही. दोन स्तंभांत मांडणी, रंग, चौकट, छायाचित्राच्या कडेने वाहणारा मजकूर हे तिचे काम नव्हे. लग्नपत्रिका किंवा भिंतीवरचे जाहिरातपत्रक तिच्यात करू पाहणाऱ्याची निराशाच होईल.

जुना मजकूर

मराठी वाचकाने या साध्या पद्धतीकडे लक्ष द्यावे, याचे एक कारण आपल्याच अनुभवात आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरी लिपी १९९१ पासून आहे, परंतु विंडोजवर तिचा आधार विंडोज २००० पासून मिळाला आणि छपाईच्या कामात ती त्याहूनही उशिरा रुळली. मधल्या काळातील मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत बांधलेला आहे. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असत. फाँट आहे तोवर मराठी. फाँट गेला की पडद्यावर उरतो इंग्रजी अक्षरांचा निरर्थक चिवडा. गावांचे इतिहास, मृत्युलेख, संस्थांची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असे किती तरी लेखन आज सीडी आणि फ्लॉपींवर या स्थितीत पडून आहे. त्याचे लेखक हयात नाहीत, आणि पुष्कळदा फाँट विकणारी संस्थाही उरलेली नाही. मार्कडाउनची फाइल कोणत्याही कंपनीच्या आज्ञावलीवाचून उघडते, आणि युनिकोडमध्ये लिहिलेली असल्यास कोणत्याही आधुनिक संगणकावर मराठीच दिसते. खुणांचा अर्थ पुढे कोणाला ठाऊक नसला, तरी तारकांमधला शब्द वाचता येईल.

जुना मजकूर मार्कडाउनमध्ये आणावयाचा असल्यास क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम युनिकोडमध्ये रूपांतर, मग खुणा. हा क्रम उलटा झाला तर जुन्या फाँटांत चिन्हांच्या जागी बसविलेले अक्षरांचे तुकडेच यंत्र खुणा समजेल आणि गिळून टाकील. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, परंतु त्यांचे काम डोळे मिटून स्वीकारू नये. त्या फाँटांत पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी, लिहिली जाई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर नोंदली जाते. रफाराचे याच्या उलट. त्यामुळे ‘स्थिती’, ‘प्रार्थना’, ‘कार्यकर्ता’ अशा जोडाक्षरांच्या शब्दांत चुका राहतात, तसेच ‘ऱ्या’ या अक्षराच्या जागी ‘र्या’ येतो. ‘पाठविणाऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ हे शब्द शोधून एकेक पाहावेत.

रूपांतरित फाइलीच्या नावात साल, महिना व दिवस याच क्रमाने तारीख घालावी, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. मूळ फाइल फेकू नये. ती ज्या फाँटात आहे त्याचे नाव एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून तिच्याच शेजारी ठेवावे, आणि जो शब्द लागत नाही तो छापील अंक काढून ताडून पाहावा.